रस्त्यावरचा फोटो : चांगला कशानं ठरतो?



पालकसभेत हल्ली एक तक्रार हमखास येते. "सर, पोट्टं दिवसभर मोबाईल घेऊन फोटोच काढत रायते." आपण सगळे मान हलवतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. मला मात्र या तक्रारीत एक पाठ दिसतो. पोरं फोटो काढणारच आहेत. मग ते नीट बघून काढायला शिकवता येईल का? निबंध शिकवतो, चित्र शिकवतो, भाषण शिकवतो. फोटोनं काय घोडं मारलं?

चित्रकलेच्या वहीत आपली मुलं वर्षानुवर्षं तेच काढत आलीत. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळण घेत येणारी नदी, काठावर नारळ. भातकुलीत उभं राहून असे डोंगर शोधायला निघालात तर मेळघाटाच्या दिशेनं बरंच जावं लागेल, आणि नारळ तिथंही भेटायचा नाही. आपला हा पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट खारपाणपट्टा. कपाशी, तूर, सोयाबीन, हरभरा आणि वर हे एवढं मोठं आभाळ. तरी मुलं डोंगर काढतात, कारण 'चित्र' म्हणजे डोंगर हे त्यांनी कुठंतरी पाहून ठेवलेलं असतं. मोबाईल हातात आला की तेच होतं. 'फोटो' म्हणजे दोन बोटं दाखवणं, मागं फुलांची झाडं, वरून फिल्टर. समोरून बंडी चाललेली असते, पानठेल्यावर दोन म्हातारे भांडत असतात, एसटीच्या खिडकीतून एक लहान पोरगी सगळ्या गावाला टाटा करत असते. हे फोटोत घ्यायचं असतं असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

यालाच रस्त्यावरचं छायाचित्रण म्हणतात. रस्ता म्हणजे डांबरी रस्ताच असं नाही. आठवडी बाजार, बसस्टँड, देवळाचा पार, नदीचा घाट, रेशन दुकानापुढची रांग हे सगळं त्यात येतं. सार्वजनिक जागा, रोजचं जगणं, आणि कुणालाही 'इकडं बघा, हसा' न म्हणता घेतलेलं चित्र. बातमीच्या फोटोत काहीतरी घडलेलं असतं, अपघात, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा. इथं तसं काही घडलेलं नसतं. काहीच विशेष घडलेलं नसताना बघणाऱ्याची नजर त्यावर थांबली पाहिजे, म्हणूनच हे अवघड.

थोडा इतिहास, कारण तो मुलांना फार आवडतो

१८३८ साली लुई दागेर या फ्रेंच माणसानं पॅरिसमधल्या एका रस्त्याचा फोटो खिडकीतून घेतला. रस्ता वर्दळीचा होता, गाड्याघोडे चालू होते. पण फोटोत रस्ता ओस! त्या काळी फोटो उमटायला काही मिनिटं लागायची आणि तेवढ्या वेळात जे हललं ते फोटोतून पुसलं गेलं. एक माणूस मात्र उमटला, कारण तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा होता. माणूस दिसणारा हा जगातल्या अगदी पहिल्या फोटोंपैकी एक मानतात. वर्गात हा फोटो दाखवा आणि विचारा, "बाकीचे लोक कुठं गेले?" पाच मिनिटांत प्रकाश, वेळ आणि गती हा विज्ञानाचा धडा होऊन जातो.

ही कला आपल्याकडं फार लवकर आली. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचं नाव आपण इतिहासात वाचतो. त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार होते. पण तेव्हाचा कॅमेरा म्हणजे तिकाटण्यावर ठेवलेली पेटी. माणसाला त्यापुढं दम धरून बसावं लागे. चालत्या रस्त्याचा फोटो घ्यायचा तर हातात मावणारा, झटकन उघडमीट करणारा कॅमेरा हवा होता. जर्मनीत १९२५ मध्ये लायका नावाचा छोटा कॅमेरा बाजारात आला आणि फोटो काढणारा माणूस रस्त्यावर उतरला.

त्यात सगळ्यात गाजलेलं नाव आंरी कार्तिए-ब्रेसाँ. त्याचा १९३२ चा एक फोटो आहे. पॅरिसमधल्या एका रेल्वे स्टेशनमागं पाणी साचलंय आणि एक माणूस त्यावरून उडी मारतोय. टाच पाण्याला टेकणार, एवढ्यात फोटो थांबलाय. मुलं म्हणतात, "सर, उडीचा फोटो तर आमीबी काढतो." बरोबर आहे. पण जरा बघा. पाण्यात त्या माणसाचं उलटं प्रतिबिंब आहे. मागच्या भिंतीवर एक जाहिरात आहे आणि त्यातली नर्तकीही तशीच झेप घेतेय. तिचंही प्रतिबिंब पाण्यात पडलंय. म्हणजे एकच झेप पुन्हा पुन्हा दिसते. मागं मात्र सगळं शांत, कुणाला काही पडलेली नाही. उडी ही निमित्त. फोटो त्या जुळण्यानं झालाय. आणखी एक गंमत सांगतो. हा फोटो त्यानं कुंपणाच्या फटीतून घेतला, त्यामुळं एका बाजूला फळी आली होती. ती नंतर कापावी लागली. एरवी हा गृहस्थ फोटो कापायच्या सक्त विरोधात! म्हणून 'सगळं पहिल्याच झटक्यात परिपूर्ण येतं' असं मुलांना सांगू नका.

हाच कार्तिए-ब्रेसाँ स्वातंत्र्यानंतर लगेच भारतात आला होता. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही तास आधी, तो गांधीजींना भेटला. त्यानंतर दिल्लीत उसळलेल्या शोकाचे त्याचे फोटो जगभर गेले. त्यातही त्याचं लक्ष मोठ्या नेत्यांइतकंच झाडावर, खांबावर चढून अंत्ययात्रा बघणाऱ्या साध्या माणसांकडं होतं.

एकच आलूबोंड्याची गाडी, दोन फोटो

पुस्तकी व्याख्येपेक्षा उदाहरण बरं. सातवीच्या मुलांना मी एक काम दिलं होतं. स्टँडजवळच्या आलूबोंड्याच्या गाडीचा फोटो आणा. सगळ्यांना तीच गाडी. आलेल्या फोटोंपैकी दोन शेजारी ठेवून बघू.

पहिला फोटो रस्त्याच्या पलीकडून, झूम करून घेतलेला. त्यात गाडी आहे, गाडीपुढं तीन गिऱ्हाइकांच्या पाठी आहेत, अर्धा ऑटो आहे, विजेचा खांब आहे आणि वर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भला मोठा फ्लेक्स, हात जोडलेल्या आठ पुढाऱ्यांसकट. फोटोत चुकीचं काहीच नाही. पण नजर कुठं ठेवायची ते कळत नाही. शेवटी ती फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यावर जाऊन बसते, कारण सगळ्यात मोठा आणि सगळ्यात रंगीत तोच. आलूबोंडा राहिला बाजूला.

दुसरा फोटो एका मुलीचा. ती गाडीच्या बाजूला गेली, दोन पावलं जवळ, आणि थोडी वाकली. वाकल्यामुळं फ्लेक्स वरून निघून गेला आणि मागं फक्त संध्याकाळचं आभाळ राहिलं. उन्हं तिरपी होती, त्यामुळं कढईतून निघणारी वाफ उजळली. काकांचा हात तेलात बोंडा सोडतोय. आणि कढईच्या पलीकडून, पाठीवर दप्तर असलेला एक पहिली-दुसरीतला पोरगा त्या हाताकडं डोळे फाडून बघतोय. उजव्या कडेला कुणाचातरी कोपर अर्धवट आलाय.

वर्गात मतदान घेतलं. बहुतेक सगळे दुसऱ्याकडं. का? मुलांची उत्तरं मजेची होती. "सर, यातून वास येते." "त्या पोट्ट्याले भूक लागली वाटते." "त्याच्याजवळ पैसे नसन." बघा, फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी मुलं बोलायला लागली. माझ्या मते चांगल्या फोटोची ही पक्की खूण आहे. तो सगळं सांगून टाकत नाही. बघणाऱ्याला थोडं काम ठेवतो. पोराकडं पैसे आहेत की नाहीत हे फोटो सांगत नाही, आणि म्हणून आपण बघत राहतो.

तो कोपर? एका मुलानं तो कापून टाकायला सांगितलं. मी म्हटलं, झाकून बघा. झाकल्यावर फोटो नीटनेटका झाला, पण गाडीभोवतीची दाटी गेली. कोपर ठेवला. तांत्रिक दोष आणि खरा दोष यात फरक असतो. किंचित हललेला, थोडा तिरपा, कडेला कुणाचा हात आलेला फोटो उत्तम असू शकतो. आणि अगदी स्वच्छ, सरळ, चकचकीत फोटोत काहीच नसू शकतं.

आता त्या मुलीला हे कसं जमलं? नशीब होतंच. पण ती तिथं वीसेक मिनिटं उभी होती. आधी तिनं जागा ठरवली, मागं आभाळ येईल अशी. मग वाट बघितली. अनुभवी लोकही हेच करतात. आधी रंगमंच शोधायचा, पात्रं आपोआप येतात. भिंतीवर छान ऊन पडलंय, जुन्या वाड्याचं दार आहे, शाळेच्या फाटकाची सावली जमिनीवर लांबलीय. तिथं थांबा. कुणीतरी येतंच. भातकुलीत तर नक्कीच येतं, आणि "कायचा फोटू काढून रायला रे पोट्ट्या?" असं विचारल्याशिवाय पुढं जात नाही.

मुंबईचं एक उदाहरण याच पद्धतीचं आहे. रघू राय यांचा १९९५ चा चर्चगेट स्टेशनचा फोटो. लोकलमधून उतरलेली गर्दी दोन्ही अंगांनी वाहतेय, इतकी हललेली की माणसं धुरासारखी दिसतात. आणि मध्ये वर्तमानपत्रात डोकं घातलेले, थांबलेले लोक स्पष्ट. दागेरच्या रस्त्यावर गर्दी आपोआप पुसली गेली होती. रघू राय यांनी कॅमेऱ्याची उघडमीट मुद्दाम सावकाश ठेवून गर्दीचा धूर केला. एकशे सत्तावन्न वर्षांनी तीच अडचण हत्यार झाली. हे दोन फोटो फळ्यावर शेजारी लावा, मजा येईल.

ऊन, मोबाईल आणि बाकी कामाच्या गोष्टी

वऱ्हाडातल्या उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या भागात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. अशा वेळी माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत काळं पडतं आणि कपाळ पांढरं फटक. शिवाय पोरांना ऊन लागेल ते वेगळंच. सकाळी शाळेच्या आधीचा तास आणि संध्याकाळी गुरं परततात तेव्हाचा तास, हे दोन खरे. डिसेंबरात सकाळी धुकं असतं, तेव्हा अगदी साधी बाभूळही चित्रासारखी दिसते. दुपारीच काढायचं असेल तर सावलीत या. बाजारात दुकानांवर ताणलेल्या ताडपत्र्यांखाली प्रकाश मऊ असतो, आणि निळ्या ताडपत्रीखाली सगळ्यांचे चेहरे निळे दिसतात तेही बघण्यासारखं.

मोबाईलच्या बाबतीत चार गोष्टी पुरतात. काच पुसा, अर्ध्या धुरकट फोटोंचं कारण खिशातला घाम आणि तेल असतं. कापसाच्या मुलखात सुती रुमालाला काय तोटा! दोन बोटांनी ताणून झूम करू नका, पायानं जवळ जा; ताणलेला फोटो म्हणजे बहुधा मधला तुकडा मोठा करून दाखवलेला असतो. पडद्यावर जिथं स्पष्ट हवं तिथं बोट टेकवा, आणि ऊन जास्त असेल तर प्रकाशाची खूण थोडी खाली ओढा. चेहरा गोरा करणारं जे काही असेल ते बंद. आपल्या मातीत, आपल्या उन्हात माणसं ज्या रंगाची असतात त्या रंगाची दिसू द्या.

रंगावरून आठवलं. मुलांना गंभीर फोटो करायचा असला की ती लगेच काळा-पांढरा फिल्टर लावतात. रघुवीर सिंह नावाचे मोठे छायाचित्रकार होऊन गेले (१९४२–१९९९). मुंबईच्या रस्त्यांवर त्यांचं १९९४ चं एक अख्खं पुस्तक आहे. जेव्हा 'कला' म्हणजे काळं-पांढरं असं जगभर मानत, तेव्हापासून ते रंगीतच काढत राहिले. आपल्याकडं रंग हा जगण्याचाच भाग आहे, असं त्यांचं म्हणणं. मला पटतं. मिरचीचा ढीग काळा-पांढरा करून काय मिळवलं?

उंचीचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत विव्हियन मायर नावाची बाई लोकांची मुलं सांभाळायचं काम करायची आणि फावल्या वेळात शिकागोच्या रस्त्यांवर फोटो काढायची. कुणाला दाखवायची नाही. २००७ मध्ये तिचं सामान लिलावात निघालं तेव्हा हजारो निगेटिव्ह सापडल्या; आज तिची गणना मोठ्या छायाचित्रकारांत होते. तिचा कॅमेरा पोटाजवळ धरून वरून आत बघायचा होता. त्यामुळं तिच्या फोटोत मोठी माणसं किंचित खालून दिसतात आणि लहान मुलं बरोबरीनं. आपल्या चौथीच्या पोराला हे फुकटात मिळालंय! त्याच्या उंचीवरून बाजार म्हणजे पिशव्या, गुडघे, तराजूची खालची बाजू आणि टेबलाखाली झोपलेलं कुत्रं. त्याला स्टुलावर उभं करू नका.

वऱ्हाडचा फोटो म्हणजे काय?

आता जरा जड विषय. इंटरनेटवर 'विदर्भ शेतकरी' असं टाकून चित्रं शोधा. भेगाळलेली जमीन. डोक्याला हात लावून बसलेला म्हातारा. आभाळाकडं बघणारे डोळे. भिंतीवर हार घातलेला फोटो आणि खाली बसलेली बाई. हे खोटं नाही. आपल्या वर्गातही अशा घरातली मुलं बसतात, आपल्याला त्यांची नावं माहीत आहेत. पण गेली कित्येक वर्षं बाहेरचे लोक येतात आणि तोच फोटो घेऊन जातात. जमीन भेगाळलेली दिसली नाही तर भेगा शोधतात. हळूहळू मुलंही स्वतःकडं तसंच बघायला लागतात. 'माझे गाव' या विषयावर फोटो आणा म्हटलं, तर एका मुलानं स्वतःच्या आजोबांना डोक्याला हात लावून बसायला सांगून फोटो आणला होता. आजोबा एरवी गावात सगळ्यात जास्त हसणारे! दोन डोंगरांमधला सूर्य आणि हा फोटो यात मला फारसा फरक वाटत नाही. दोन्ही दुसऱ्याचं बघून काढलेले. फक्त दुसऱ्यात एका जित्या माणसाला त्याचा नसलेला चेहरा चिकटवला जातो.

मग दुःख दाखवायचंच नाही का? दाखवायचं. सुधारक ओलवे मूळचे अकोल्याचे. त्यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. मॅनहोलमध्ये उतरणारी माणसं, कचऱ्याच्या गाडीवरची माणसं, त्यांची घरं, त्यांची पोरंबाळं. बघवत नाहीत असे फोटो आहेत त्यात. पण ते एका दुपारी येऊन काढलेले नाहीत. ते त्या लोकांत पुन्हा पुन्हा गेले. म्हणून फोटोतला कामगार 'बिचारा' दिसत नाही, काम करणारा माणूस दिसतो, आणि लाज बघणाऱ्याला वाटते. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या तालुक्यात ऋणमोचनला पूर्णेच्या काठी गाडगेबाबांनी घाट बांधला, हातात खराटा घेऊन यात्रेची जागा झाडली, तिथल्या मुलांना झाडू हातात असलेल्या माणसाचे हे फोटो दाखवायला वेगळी प्रस्तावना लागत नाही.

दुसऱ्या बाजूचंही उदाहरण आहे. १९३६ मध्ये अमेरिकेत मंदीच्या काळात डोरोथिया लँज यांनी शेतमजुरांच्या तळावर एका आईचा फोटो घेतला. दोन मुलं तिच्या खांद्यांत तोंड लपवून, मांडीवर तान्हं, आणि तिची नजर दूर कुठंतरी. विसाव्या शतकातल्या सगळ्यात प्रसिद्ध फोटोंपैकी हा एक. त्यामुळं त्या तळावर सरकारी मदत पोचली, हे खरं. पण त्या बाईचं नाव, फ्लॉरेन्स थॉम्पसन, जगाला कळलं थेट १९७८ मध्ये. तिनं तेव्हा सांगितलं की मला कुणी नाव विचारलं नाही, फोटोची प्रत पाठवते म्हणाली ती आलीच नाही, आणि या फोटोतून मला एक पैसा मिळाला नाही. फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, असंही ती म्हणाली. हा फोटो चांगला आहे का? वर्गात विचारा. आठवीच्या एका मुलीचं उत्तर मला अजून सुचलेल्या सगळ्या उत्तरांपेक्षा बरं वाटतं : "फोटो चांगला हाये सर, पण अर्धा हाये. नाव नाई त्यात."

पालकांसाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण आता प्रत्येक फोटो दोन मिनिटांत स्टेटसला जातो. लँजबाईंचा फोटो छापायला निदान छापखाना लागत होता. बाजारात भाजी विकणारी बाई ही कुणाच्या तरी वर्गातल्या मुलीची आई असते. तिचा घाम पुसतानाचा फोटो आपल्या पोरानं गटावर टाकला आणि खाली कुणी हसण्याची चित्रं लावली, तर उद्या शाळेत त्या मुलीला काय ऐकावं लागेल? म्हणून आमच्याकडं काही गोष्टी पक्क्या ठरवल्यात. घाटावर आंघोळ करणाऱ्यांकडं, यात्रेतसुद्धा, कॅमेरा वळवायचाच नाही. कुणी आजारी, नशेत, रडत असेल तर नाही. मुलींचे फोटो लपून काढणं हे छायाचित्रण नव्हे, तो त्रास देणं आहे, आणि तशीच वागणूक मिळेल. दवाखाना, अंत्ययात्रा नाही. कुणी हातानं 'नको' केलं तर तिथंच पुसून टाकायचा, त्या माणसाला पुसलेलं दाखवून. आणि कुठलाही चेहरा स्टेटसला टाकायच्या आधी त्या माणसाला विचारायचं.

एक अडचण राहते. आधी विचारलं तर माणूस सावरून बसतो, मिशीवर हात फिरवतो, आणि जो क्षण हवा होता तो गेला. न विचारता काढला तर चोरी केल्यासारखं वाटतं. मोठमोठ्या छायाचित्रकारांमध्येही यावर एकमत नाही. आमचा तोडगा असा : तिथं आधी राहा. बाजारात सरळ शिरून क्लिक करू नका. काकांशी बोला, काही घ्या, मोबाईल हातात दिसू द्या. "काका, एक-दोन फोटो काढू का तुमच्या गाडीचे?" काका म्हणतात, "काढ ना बाप्पा, कोन ना म्हनते." पहिली पाच मिनिटं ते कॅमेऱ्याकडं बघत राहतात. मग गिऱ्हाईक येतं, तेल तापतं, आणि ते तुम्हाला विसरतात. त्या पाच मिनिटांनंतरचे फोटो खरे.

वर्गात करून बघायला

बघायचं असेल तर हा उपक्रम करून बघा, मोबाईल कमी असले तरी चालतो. चार-पाच मुलांचा गट, एक मोबाईल, एकच जागा. गटाला बाराच फोटो काढायची परवानगी. जुन्या रोलमध्ये छत्तीस असायचे, आपण त्याहून कंजूष. बारा म्हटलं की मुलं भांडतात, थांबतात, बघतात. ऐंशी काढायला दिले की बघणं बंद होतं. परत आल्यावर बारातून एक निवडायचा आणि तोच का, हे पाच ओळींत लिहायचं. मराठीच्या तासाला याहून चांगलं लेखन मला मिळालेलं नाही, कारण प्रत्येकाला आपली बाजू मांडायची असते.

मग फोटोखालची ओळ. इथं मात्र मी कडक आहे. 'गरिबीच्या झळा', 'जगण्याची धडपड', 'बळीराजाचे अश्रू' असलं काही चालणार नाही. जागा, तारीख, वेळ आणि काय चाललंय ते. 'भातकुली बसस्टँड, सायंकाळी पावणेसहा. अमरावतीची गाडी उशिरा आहे.' बस. बाकीचं फोटोनं सांगावं, आणि त्याला सांगता येत नसेल तर तो निवडायला नको होता.

शेवटचं काम, निवडलेले फोटो स्टुडिओतून छापून आणायचे. साध्या आकाराच्या प्रतीला फार खर्च येत नाही. शाळेच्या भिंतीवर एक लावायची आणि दुसरी, ज्यांचा फोटो आहे त्यांना गटानं स्वतः नेऊन द्यायची, मागं मुलांची नावं लिहून. आलूबोंडेवाल्या काकांनी त्यांची प्रत गाडीच्या काचेला आतून चिकटवलीय. तेलाच्या वाफेनं ती एका कोपऱ्यात पिवळी पडायला लागली आहे, आणि फोटोतल्या त्या दप्तरवाल्या पोराला काका आता नावानं ओळखतात.